पावसाळ्यात कोण पोहतंय?

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की फोन वाजायला लागतात. पलीकडचा आवाज कधी मुंबईचा, कधी कोथरूडचा, वाक्य एकच. "दादा, आता पावसाळ्यात कोण पोहतंय? चार महिने बंद ठेवा, दिवाळीच्या आधी बघू." २००९ पासून हे वाक्य ऐकतोय. त्याआधी मी तळेगावात पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होतो. एकदा एका बंगल्याची मोटर रिवाइंड करून बसवायला लोणावळ्याला गेलो. मालक म्हणाले, "पाण्याचंही बघाल का?" मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं, तरी हो म्हणालो आणि धंदा सुरू झाला. आई नातेवाइकांना सांगायची, "पोरगा पुलांची कामं घेतो." आमच्या एका मामांनी तीन वर्षं मला बांधकाम खात्याचा ठेकेदार समजून मान दिला. खरं कळल्यावर तो जरा उतरला.

आज लोणावळा-खंडाळा, पवना धरणाच्या कडेचे बंगले आणि तळेगाव-पुण्यातल्या काही सोसायट्या मिळून ४१ पूल आमच्याकडे आहेत. जे शिकलो त्यातलं बरंचसं चुकून शिकलो. आठवेल तसं लिहितोय.

१. सीझन एक नसतो.

पुण्यातल्या सोसायटीचा पूल मार्चमध्ये जागा होतो, एप्रिल-मेमध्ये पोरांच्या बॅचेसनी उतू जातो आणि शाळा उघडल्या की ओस पडतो. डिसेंबरात तर त्यात पाय घालवत नाही. लोणावळ्याचं गणित निराळं. तिथे माणूस पाऊस बघायलाच येतो. भुशी धरणावर भिजून आला की त्याला परत पुलात उडी मारायची असते, वरून धो धो कोसळत असताना. म्हणजे भाड्याने जाणाऱ्या बंगल्याला जुलैतही पाणी काचेसारखं हवं, आणि त्याच्या शेजारच्या, जिथे मालक वर्षातून आठ वेळा येतो, त्या बंगल्याला काहीच नको. एकाच गल्लीत दोन फाटकं आणि दोन ऋतू. पहिली तीन वर्षं मी सगळ्यांना एकच दर आणि एकच वार लावला. दोघंही नाराज.

२. पावसाचं पाणी फुकट मिळतं, पण औषध घेऊन जातं.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे चार मीटर. आपला बंगल्यातला पूल सव्वा मीटर खोल. वरून पडणाऱ्या पाण्यानेच तो वर्षात तीनदा भरेल. दहा बाय पाच मीटरच्या पुलावर एका दिवसात २०० मिलिमीटर पडला, तर दहा हजार लिटर पाणी आत येतं, म्हणजे एक टँकर. आणि तेवढंच पाणी, क्लोरिनसकट, लॉनवर वाहून जातं.

मी सुरुवातीला समजायचो, क्लोरिन कमी झालं तर क्लोरिन वाढवावं. ते करत राहिलो आणि सप्टेंबरात बघतो तर टाइल्सच्या फटींमधला ग्राउट खाल्लेला, शिडीला गंजाचे ठिपके. पावसाचं पाणी फार हलकं. त्यात क्षार नाहीत, त्यामुळे पुलाच्या पाण्याची अल्कलिनिटी उतरते आणि मग पीएच आज इथे, उद्या तिथे असा नाचायला लागतो. पाणी भुकेलं होतं आणि मिळेल ते खात होतं. अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएममध्ये आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायचा, बाकी सगळं त्यानंतर. आणि त्यासाठी लागतो तो आपला खायचा सोडा. साठ हजार लिटरच्या पुलाला अल्कलिनिटी दहाने वर आणायला किलोभर पुरतो. ढोकळ्याचं सामान पाण्यात ओतताना बघून एका आजींनी मला चांगलंच झापलं होतं.

३. पावसाळ्यात पूल रिकामा करायचा नाही. कोणी कितीही सांगितलं तरी.

जुलै २०११. तुंगार्लीच्या बाजूला, उतारावरचा बंगला. मालकांनी जून सुरू झाल्यावर सर्व्हिस बंद केली होती आणि आता अचानक पाहुणे ठरले होते. पाणी हिरवंगार, तळ दिसत नव्हता. शास्त्र असं की क्लोरिनचा डोस द्यावा, ब्रश मारावा, रात्री तुरटी टाकून गाळ बसू द्यावा, सकाळी तो सावकाश व्हॅक्यूम करून बाहेर सोडावा. तीन-चार दिवसांचं काम. माझ्याकडे दोन दिवस होते आणि आळसही होता. म्हटलं, सरळ उपसू, धुऊ, भरू. शनिवारी संध्याकाळी सबमर्सिबल पंप सोडला आणि घरी येऊन झोपलो.

रविवारी सकाळी साडेसहाला बंगल्यावरच्या काकांचा फोन. "दादा, टाकी उचललीय."

मला वाटलं, गच्चीवरची पाण्याची टाकी चोरीला गेली. म्हटलं, पोलिसांत कळवा, मला काय सांगता? ते म्हणाले, "चोरी नाय हो. पुलाची टाकी. वर आलीय."

गेलो. पाऊस चालूच होता. उथळ बाजूचा कडेचा दगड, जो आदल्या दिवशी लॉनच्या बरोबरीत होता, तो लॉनच्या चार बोटं वर. टाइल्सवरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी भेग. त्या भेगेतून स्वच्छ, थंड पाण्याची धार आत येत होती. जमिनीतलं पाणी. मी त्या रिकाम्या टाकीत उतरून बराच वेळ नुसता उभा राहिलो.

रिकामी कळशी विहिरीत दाबून बघा, ती हाताला वर ढकलते. तसंच हे. साठ हजार लिटर पाणी म्हणजे साठ टन वजन. ते आत होतं म्हणून काँक्रीटची टाकी जागेवर बसून होती. भोवतालचा डोंगर महिनाभर पाणी पिऊन तट्ट फुगलेला. मी आतलं वजन काढलं आणि खालच्या पाण्याने टाकी उचलली. तळाला असा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवतात. तिथे तो होता, पण मालक आणि मी, दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता आणि तो मातीने बसला होता.

दुरुस्तीतला माझा हिस्सा मी दोन वर्षं हप्त्याने फेडला. मालकांनी मला काढलं मात्र नाही. त्यांचं म्हणणं, ही चूक तू आता परत करणार नाहीस, नवा माणूस करेल. तो पूल आजही आमच्याकडे आहे. भेग भरलेली आहे, पण मला बरोबर दिसते.

४. दोन डब्यांना दोन मग.

क्लोरिन, क्लोरिन म्हणतो आपण, पण ते एक नसतं. टीसीसीए वेगळं, कॅल्शियम हायपो वेगळं. दोन्ही पांढरी, दोन्हींना तोच वास. दोन्ही एकमेकांत मिसळली आणि त्यात जरा ओल असली की भडका उडतो आणि विषारी वायू सुटतो. आमच्याकडे कामाला असलेल्या एका पोराने टीसीसीएचा मग न पुसता हायपोच्या बादलीत घातला. आधी चुर्रर्र असा आवाज, मग पिवळट धूर. त्याने बादली टाकून पळ काढला, हे त्याने आयुष्यात केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम. तेव्हापासून टीसीसीएचा मग निळा, हायपोचा लाल, आणि दोन्ही डबे एका गाडीतून जात नाहीत. ॲसिड तर तिसऱ्याच दिवशी. आणि नेहमी औषध पाण्यात, पाणी औषधात नाही. पंपरूममध्ये कुठलाच डबा ठेवत नाही. तिथली हवा दमट असते आणि औषधाच्या वाफेने पॅनेलमधलं तांबं हिरवं पडतं.

५. वास येतोय म्हणजे क्लोरिन जास्त झालंय, असं नाही.

बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि मुलांचं जे काही पाण्यात जातं त्याला चिकटून क्लोरिन अडकून बसतं, आणि नाकाला झोंबतो तो त्या अडकलेल्या क्लोरिनचा वास. त्यावर उपाय आणखी क्लोरिन. हे सोसायटीच्या सेक्रेटरींना पटवण्यात माझे अनेक रविवार गेले आहेत.

६. चालतंय म्हणून तेच औषध टाकत राहू नये.

टीसीसीए सोपं. गोळ्या टाका आणि विसरा. उन्हात नुसतं क्लोरिन काही तासांत उडून जातं. टीसीसीएमध्ये सायन्युरिक ॲसिड असतं, ते क्लोरिनला उन्हापासून छत्रीसारखं जपतं. पण क्लोरिन खर्च होतं, छत्री पाण्यातच राहते. रोज दीड पीपीएम क्लोरिन टाकलं तरी तीन महिन्यांत सायन्युरिक ऐंशीने वाढतं. हवं असतं तीस ते पन्नास. तळेगावच्या एका सोसायटीत मे महिन्यात टेस्ट किट क्लोरिन तीन दाखवत होतं आणि भिंती हिरव्या, बुळबुळीत होत होत्या. किट खोटं बोलतंय म्हणून मी दोन नवीन किटं आणली. किट खरंच बोलत होतं. क्लोरिन होतं, पण छत्रीखाली बसून होतं, कामाला येत नव्हतं. यावर उपाय एकच, निम्मं पाणी बदलणं. भर मे महिन्यात टँकर कोण देतो?

गंमत म्हणजे लोणावळ्याच्या पुलांना हा रोग कधी होत नाही. तिथे पाऊसच दरवर्षी सगळं धुऊन नेतो. ज्या पावसाला जुलैत शिव्या घालतो त्याचे असेही उपकार असतात.

७. पाणी मोजायला शिकावं.

हे २०१६ ने शिकवलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. कोर्टाच्या आदेशाने आयपीएलचे मे महिन्यातले बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर गेले. अशा दिवसांत पुण्यातल्या एका सोसायटीच्या सभेत मी उभा, आणि एक काका विचारतायत, "तुम्ही आठवड्याला किती पाणी गटारात सोडता?" मला आकडा सांगता आला नाही. सभेत तोंडावर आपटलो.

घरी येऊन हिशेब केला. एका बॅकवॉशला, म्हणजे फिल्टरमध्ये उलटं पाणी सोडून वाळू धुवायला, पाच-सातशे लिटर सहज जातं. आम्ही दर सोमवारी आणि गुरुवारी करत होतो, कारण ते वार ठरलेले. फिल्टरवर दाबाचा काटा असतो, त्याकडे कोणी बघतच नव्हतं. वाळू स्वच्छ असतानाचा दाब लिहून ठेवायचा, तो आठ-दहा पीएसआयने चढला की बॅकवॉश, नाहीतर नाही. काटा बघायला लागल्यावर आठवड्याला दोनाचा एक झाला, कधी दहा दिवसांनी एक. ते पाणी आता ड्रममध्ये दोन दिवस उन्हात ठेवून वाहनतळ धुवायला वापरतात.

त्याच उन्हाळ्यात बादलीची युक्तीही कामी आली. मे महिन्यात रोज सहा-सात मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. दहा बाय पाचच्या पुलात ते तीन-साडेतीनशे लिटर होतं, आणि प्रत्येक मालकाला वाटतं, पूल गळतोय. मग आम्ही पुलाच्या पायरीवर पुलाच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवतो. बादलीच्या आत एक खूण, बाहेर एक खूण. एका दिवसाने बघायचं. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर उन्हाने प्यायलं. बाहेरची जास्त उतरली तर गळती. पंधरा रुपयांच्या मार्कर पेनाने माझी कित्येक भांडणं मिटली आहेत.

८. नवं पाणी आलं की आधी बादलीत.

वाढदिवसाच्या आदल्या रात्री बोअरच्या पाण्याने पूल भरला, क्लोरिन टाकलं आणि दहा मिनिटांत सगळ्या पाण्याचा चहा झाला. बिनदुधाचा. पाण्यात लोह होतं, क्लोरिनने ते बाहेर काढलं. आता टँकर असो की बोअर, आधी एक बादली भरून चिमूटभर क्लोरिन टाकून बघतो.

९. चार महिन्यांचा खड्डा बायकोने बुजवला.

मी दर महिन्याला बिल करायचो. मार्च ते मे पैसे यायचे, जूनमध्ये निम्मी गिऱ्हाइकं गळायची, पगार मात्र बाराही महिने द्यायचे. दर सप्टेंबरात सोनं गहाण. २०१४ मध्ये हिने वही काढली. एक पूल पावसाळ्यात सांभाळायला काय खर्च येतो ते एका बाजूला लिहिलं. तोच पूल चार महिने सोडून ऑक्टोबरात हिरव्याचा निळा करायला काय येतो ते दुसऱ्या बाजूला. औषध, चार दिवसांची मजुरी, चोक झालेला फिल्टर, कधी जळालेली मोटर. दुसरी बाजू जड होती. म्हणाली, "हे त्यांना दाखवा. आणि वर्षाचा आकडा सांगून बारा भागांत घ्या. दूधवाला काय म्हशीने दूध कमी दिलं म्हणून गोठा बंद करतो का?"

मी ते पान लॅमिनेट करून घेतलं. पावसाळ्यात आठवड्याला तीनऐवजी एक फेरी, पंप रोज आठऐवजी चार तास, आणि रक्कम बारा सारख्या हप्त्यांत. पहिल्या वर्षी नऊ जण तयार झाले. जे झाले नाहीत त्यांनी ऑक्टोबरात हिरव्या पाण्याचे फोटो पाठवले. मी त्यांना दुसऱ्या बाजूचा दर लावला. राग आला त्यांना, पण पुढच्या वर्षी वीस झाले. जीएसटी आल्यापासून "बिल नको, कॅश घ्या" हा नवा विषय निघाला आहे. त्यावर हिचं उत्तर इतकं रोखठोक असतं की ते इथे लिहीत नाही.

१०. लावणीपुढे कोणाचं चालत नाही.

माझी बहुतेक पोरं मावळातली. जुलैत पाऊस स्थिरावला की भाताची लावणी, आणि लावणीला घरचा माणूस नसेल तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. मी आधी सुट्या नाकारायचो. मग ती सांगायची आजी गेली. एकाच्या तीन आज्या गेल्या. आता मीच त्यांना विचारतो, तुमचं रोप कधी तयार होतंय? त्याप्रमाणे फेऱ्या लावतो. पावसाळ्यात फेऱ्या कमीच असतात, पगार पूर्ण देतो, आणि दिवाळीनंतर घरी इंद्रायणीचा तांदूळ येतो. तरी दरवर्षी एखादा पोरगा चाकणच्या कंपनीत जातोच.

११. हात घालण्याआधी काठी घालावी.

पुलाच्या कडेला कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या टोपलीत बेडूक, विंचू आणि दोनदा नाग निघाला आहे. आणि पंपरूममध्ये घोटाभर पाणी दिसलं तर आत पाऊल टाकायचं नाही, आधी बाहेरचा मेन स्विच. गळतीचा करंट लागला की वीज तोडणारं आरसीसीबी नसेल तिथे मी काम घेत नाही. यावर घासाघीस नाही.

१२. लॉकडाऊनमधले गप्पी.

मार्च २०२०. वर्षभराची कमाई जिथून सुरू होते त्याच आठवड्यात सगळं बंद. सोसायट्यांचे पूल बंद, बंगल्यांवर जायला परवानगी नाही. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या एका गिऱ्हाइकाचा किहीमला दुसरा बंगला होता. ई-पास काढून गेलो तर पुलात आख्खा माड आडवा आणि वर सुरूच्या काड्यांची गादी. तिथलं पाणी बरेच दिवस आमच्या स्वप्नात येत होतं.

पण सांगायचंय ते कामशेतजवळच्या बंगल्याचं. तिथले आजोबा आणि नातू मुंबईहून येऊन तिथेच अडकले होते. पंप बंद, पाणी हिरवं, त्यात डासांच्या अळ्या वळवळायला लागल्या. आजोबा दर जूनला मला फोन करून सर्व्हिस बंद करणाऱ्यांपैकी पहिले. त्यांनी आरोग्य केंद्रातून पिशवीभर गप्पी मासे आणून पुलात सोडले. अळ्या गेल्या. गप्पी मात्र वाढले.

नोव्हेंबरात मी औषधं घेऊन पोचलो तर नातू पुलाच्या कडेला मांडी घालून बसलेला. म्हणाला, "काका, क्लोरिन नाही टाकायचं." मी आजोबांकडे बघितलं. ते पेपरात डोकं घालून बसले होते. म्हटलं, आजोबा, दिवाळीला पाहुणे येणार ना? ते म्हणाले, "याच्याशी बोला. मला यात घेऊ नका."

शेवटी मी आणि माझी दोन पोरं दिवसभर, पानं काढायच्या जाळीने, मासे पकडत होतो. नातू मोजत होता. ३०० नंतर त्याचा हिशेब चुकला. सगळे बागेतल्या जुन्या हौदात सोडले. संध्याकाळी पाणी प्यायला बसलो तेव्हा आजोबांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही ते बारा हप्त्यांचं काय म्हणत होता?"

मी गाडीतून लॅमिनेट केलेलं पान आणायला उठलो. मागून नातवाचा आवाज आला, "आजोबा, पावसाळ्यात कोण पोहतंय विचारायचात ना? बघा, किती जण होते."